नव्या रक्ताची घुटी

"चौथ्यांदा. कोपरापर्यंत. लग्नातली हळद उतरवतानासुद्धा एवढं घासलं नव्हतं मला कोणी."

ही कुरकुर मास्कच्या आतून आली, माझ्या भावाची, महिपतदादाची. ठाण्याच्या त्या हॉस्पिटलात सहाव्या मजल्यावर, वॉर्डाच्या दाराशी, हात धुवायला एकच बेसिन आहे. त्यामुळे दादाचं कोपर माझ्या बरगडीत आणि त्याची कुरकुर थेट माझ्या कानात.

"घास मुकाट्याने," मी म्हटलं. "पोरीला तुझी भीती नाही, तुझ्या हातांची आहे."

पोरगी म्हणजे संचिता. दादाची धाकटी, तेवीस वर्षांची. गेल्या गणपतीनंतर तिला रक्ताचा कॅन्सर निघाला. फेब्रुवारीपर्यंत किमो चालल्या आणि मार्चमध्ये तिच्या थोरल्या भावाच्या, संदेशच्या, मूळ पेशी काढून तिच्या अंगात सोडल्या. आधी औषधांनी तिचं स्वतःचं रक्त पार खलास करतात, मग भावाच्या पेशी तिच्या हाडांत जाऊन बिऱ्हाड करतात आणि नवीन रक्त बनवायला लागतात. ते बिऱ्हाड लागलं होतं. आणि आता, पेशी सोडल्यापासून पंच्याहत्तराव्या दिवशी, त्या नव्या रक्तात जंतू सापडला होता. दुसऱ्यांदा. आणि पहिल्या वेळचाच.

डॉक्टर प्राप्ती मॅडमनी आम्हाला कोपऱ्यातल्या छोट्या खोलीत बसवलं. दादा, रचनावहिनी, संदेश आणि मी. मॅडम चौतिशीच्या असतील. त्यांना बोलताना पेनाचं टोपण काढायची आणि लावायची सवय आहे. त्या दिवशी टोपण लावलेलंच होतं.

"औषधांसाठी छातीत बसवलेल्या नळीतून घेतलेलं रक्त आणि हातातून घेतलेलं रक्त, दोन्हींत तोच आलाय," त्या म्हणाल्या. "रायझोबियम."

"रायझोबियम?" दादाचा चेहरा उजळला. गावचा माणूस परदेशात भेटावा तसा. "अहो मॅडम, तो तर चवळीच्या बियाण्याला लावतात! पाकीट मिळतं त्याचं. आमचा भिवा लावतो ना, खडवलीला. चांगला असतो तो."

पोरीच्या रक्तात चवळीचा जंतू, आणि बापाला त्या जंतूच्या चारित्र्याचा दाखला द्यायची घाई. मग भिवाचं नाव आपल्याच तोंडून गेलेलं त्याच्या लक्षात आलं आणि तो एकदम खोकायला लागला.

"त्याचाच भाऊबंद म्हणा," मॅडम म्हणाल्या. "मातीत राहतो, झाडांच्या मुळांवर राहतो. तुमच्याआमच्या पोटात गेला तर काही होत नाही. हिच्याकडे लढायला सैन्यच नाही अजून. असा जंतू रक्तात क्वचित सापडतो. मी दोन केसेस बघितल्या आहेत. दोन्ही तुमच्याच घरच्या."

कोणी हसलं नाही. त्यांनाही हसवायचं नव्हतं.

"म्हणून परत विचारते. घरात कुंड्या?"

"नाहीत," दादा म्हणाला. "तुळससुद्धा खाली बाबुरावांकडे दिली."

"नळी कधी भिजली? अंघोळीत?"

"कधीच नाही," संदेश म्हणाला. "प्लास्टिक लावतो ना आम्ही."

"कच्चं काही? कोशिंबीर, वरून घातलेली कोथिंबीर?"

"कोथिंबीर घरातच येत नाही मॅडम, जानेवारीपासून."

"काढा, चूर्ण, आयुर्वेदिक, जडीबुटी?"

वहिनीने पर्सची चेन उघडली आणि लावली.

"छे," दादा म्हणाला. "औषध म्हणून तुम्ही दिलंय तेवढंच."

त्या 'म्हणून'वर आमचं अख्खं घर उभं होतं.

मॅडम दादाकडे जरा जास्त वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "प्लेटलेट्स चढवून मी उद्या दुपारी नळी काढणार. अशा रक्तात चीर द्यायची म्हणजे धोका आहे, पण काढावीच लागेल. मात्र जंतू दुसऱ्या वाटेने आत जात असेल, तर नवी नळी घालूनही काही उपयोग नाही. मला वाट कळली पाहिजे. एकदा तिने निभावलं, या वेळीही निभावेल अशी आशा आहे. तिसऱ्यांदा निभावेल असं मी लिहून देऊ शकत नाही, आणि तोंडी पण सांगू शकत नाही. उद्या अकराला घरात राहणारं प्रत्येक माणूस इथे पाहिजे. आजीसुद्धा."

"आईला कशाला?" दादा म्हणाला. "अठ्ठ्याहत्तर वय आहे तिचं."

"म्हणूनच. त्या घरात सगळ्यात जास्त वेळ असतात."

आता सांगते वाट कुठली ते. मॅडमना सोडून सगळ्यांना माहीत होती.

पेशी सोडल्या त्या दिवशी नर्स मुलींनी पुठ्ठ्याचा केक आणला होता, खरा चालत नाही म्हणून. टाळ्या वाजवून त्यांनी गाणं म्हटलं. त्या दिवसाला तिथे 'डे झीरो' म्हणतात, पेशंटचा नवा वाढदिवस. मी काचेबाहेरून फोनवर हे सगळं कल्याणकडच्या मानपाड्याला, घरी, आईला दाखवत होते. आई म्हणजे हौसाबाई, माझी आणि दादाची. संचिताची आजी.

"काय म्हणतात गो त्या पोरी?" आईने विचारलं.

"तुझ्या नातीचा नवा जन्म झाला म्हणतात," मी म्हटलं. मोठ्या हौसेनं म्हटलं. मला कोणी विचारलं की मी असंच करते. सातवीपर्यंतच शिकले, पण हॉस्पिटलचं प्रत्येक पत्रक दोनदा वाचलंय. न्यूट्रोफिल म्हणजे काय ते मी जिन्यात शेजाऱ्यांना समजावते. ब्लाऊज शिवून झाले की माझा दुसरा धंदा तोच, फुकटचा.

आईने नवा जन्म म्हणजे नवा जन्मच घेतला. पाचव्या दिवशी तिने घरात पाट मांडला, त्यावर कोरा कागद आणि संदेशचं पेन ठेवलं आणि सटवाईला सांगितलं, बाई, या खेपेला नीट लिही. आम्ही हसलो. मी डोळे पुसत हसले, पण हसलेच.

मग तिसाव्या दिवशी संचिता घरी आली. सोडताना मॅडम म्हणाल्या, "लहान बाळ आहे असं समजा. बाळाचे सगळे डोससुद्धा हिला वर्षभरात पुन्हा द्यावे लागतील." हे खरं आहे, जुन्या रक्ताबरोबर जुन्या लसीही जातात. घरी येऊन मीच ते आईला सांगितलं. आई मान डोलवत होती. बाळ म्हटलं की डोस, आणि बाळ म्हटलं की घुटी. यात तिला अवघड असं काही दिसलं नाही.

घुटी कोणाला माहीत नाही? हळकुंड, जेष्ठमध, वेखंड, हिरडा, मुरुडशेंग, एकेक घेऊन सहाणेवर पाण्यात उगाळायचं, कशाचा एक वेढा, कशाचे दोन, मधात कालवायचं आणि बोटाने बाळाच्या जिभेवर चाटवायचं. आम्ही सगळे त्यावरच वाढलो. पण कल्याणच्या दुकानातली मुळं आईला पटत नाहीत. वाळून वाळून मेलेली असतात म्हणे, त्यांच्यात जीव कुठला? तिच्या बहिणीचा मुलगा भिवा खडवलीला नदीकाठी एकाची वाडी सांभाळतो. त्याला निरोप गेला. त्याने चिखलातून ताजं वेखंड उपटलं, ओलं राहावं म्हणून मातीसकट गोणपाटात गुंडाळलं आणि पाठवून दिलं. आईने माती नळाखाली धुतली. पदराने पुसलं.

फ्रीजवर एकतीस नियमांचा कागद चिकटवला होता. मी आईला वाचून दाखवला. 'घरगुती औषधे देऊ नयेत.'

"मग देतंय कोण?" आई म्हणाली. "औषध आजाऱ्याला. घुटी बाळाला."

आणि मी, पत्रकं वाचणारी, मी काय केलं? सहाण उकळत्या पाण्यातून काढून दिली. बोटं धुवायला लावली. नखं कापली तिची. एवढं सगळं निर्जंतुक करून झाल्यावर तिने त्या सहाणेवर नदीकाठचं मूळ उगाळलं.

चौथ्या दिवशी संचिताने आपणहून दोन घास मऊ भात मागितला. महिनाभर अन्न बघून तोंड फिरवणारी पोरगी. दादाने देवापुढे नारळ ठेवला. वहिनी स्वयंपाकघरात तोंड फिरवून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. आईने आमच्याकडे एकदा बघितलं, बस. सहाण तेव्हापासून ओट्यावर मानाने बसली.

घुटीचा तिसरा आठवडा संपता संपता पहिला ताप आला. थंडी अशी भरली की पलंगाची फळी वाजत होती. चार दिवसांनी रिपोर्ट आला आणि मॅडमनी तेव्हाच सांगितलं होतं, मातीतला, मुळांवरचा. खोलीतून निघालो आणि लिफ्टमध्ये चौघे उभे राहिलो. लाल आकडे उतरत होते, सहा, पाच, चार. ते आकडे आम्ही असे वाचत होतो जसे दहावीचा निकाल. एकमेकांकडे कोणी बघितलं नाही. बघितलं असतं तर बोलावं लागलं असतं.

तळमजल्याला दादा म्हणाला, "शालू, तू सांग आईला. तू मुलगी आहेस."

संदेश म्हणाला, "आत्या, तुझंच ऐकते आजी." हा संदेश. बहिणीला पेशी दिल्या म्हणून 'डोनर' असं मोठ्या अक्षरात छापलेला शर्ट घालून फोटो टाकणारा. सुई टोचून घेताना वाघ, आजीसमोर मांजर.

वहिनीला कोणी विचारलंच नाही. अठ्ठावीस वर्षांत तिने सासूला 'नको' म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. चहा नको असला तरी ती घेते आणि नंतर बेसिनमध्ये ओतते. मला तिचा रागही येत नाही. राग यायला समोर काहीतरी असावं लागतं.

आईला सांगणं सोपं नव्हतं, हेही लिहायला हवं. दादाच्या आधी तिला एक मुलगा होता. दोन महिन्यांचा असताना गावीच वारला. कशाने गेला ते तेव्हा कोणाला कळलं नाही, पण लावणीचे दिवस होते, आई दिवसभर शेतात होती आणि घुटी चुकत होती. तिने तेवढंच धरून ठेवलं. पुढे आम्हा दोघांना, मग संदेशला, संचिताला, आळीतल्या पंधरा-वीस पोरांना तिने एक दिवस न चुकवता घुटी दिली. त्या बाईला जाऊन म्हणायचं, बाई, घुटीनेच. कोणाची जीभ उचलणार?

माझी नाही उचलली. मी हुशारी केली.

"आई," मी म्हटलं, "डॉक्टरांनी संचूला गोड बंद केलंय. मधबिध नको आता."

माझा हिशेब असा की मधाशिवाय घुटी कडूजहर, पोरगी थुंकेल, आपोआप बंद पडेल. कोणाचं मन मोडायला नको. आई म्हणाली, "बरं." मध बंद झाला. चौदा दिवस इंजेक्शनं घेऊन संचिता घरी आली आणि घुटी पुन्हा सुरू झाली. मध नाही म्हणून वेखंडाचा एक वेढा जास्त.

दुपारी मी मशीनवरून उठले तर ओट्यावर सहाण पालथी ठेवलेली दिसली. ओली. मी काय केलं सांगू? तिच्यावर ताट ठेवलं. म्हणजे दिसणार नाही.

नवव्या दिवशी ताप.

वॉर्डातून निघण्याआधी मी काचेशी थांबले. आत फोन आहे, बाहेर फोन आहे. संचिताच्या डोक्यावर बोटाच्या पेराएवढे मऊ केस आलेत, पाखराच्या पिलासारखे. तिने फोन उचलला.

"आत्या, तो चवळीवाला आहे ना? सिस्टर सांगत होत्या."

"हो."

"मग मला शेंगा कधी येणार?"

"आल्या की भाजी करू."

"कोथिंबीर घालून," ती म्हणाली. हसली, आणि हसता हसता तिचे दात एकमेकांवर वाजायला लागले. तिने फोन तोंडापासून लांब धरला, मला ऐकू येऊ नये म्हणून. मग परत जवळ आणला. "आईला सांगू नको थंडी वाजत्ये ते."

आमच्या घरात कोणी कोणाला काय सांगायचं नाही याची यादी एवढी लांब झाली होती की फ्रीजवरच्या कागदालाही लाज वाटावी.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला बाबुरावांची गाडी आली. बाबुराव तळमजल्यावर राहतात, निवृत्त आहेत, आणि कोणाच्याही संकटात स्वतःची गाडी घेऊन येतात. माणूस वाईट नाही. फक्त गाडीबरोबर तोंडही आणतात.

आई पुढे बसली, मांडीवर कापडी पिशवी. मागे आम्ही चौघे, मे महिन्यात, एसी नसलेल्या गाडीत.

"मी काय म्हणतो," बाबुराव मानपाड्याच्या नाक्यावरच सुरू झाले, "हे सगळं मनावर असतं. निगेटिव्ह विचार रक्तात उतरतात. माझ्या मेव्हण्याची शुगर नुसत्या पॉझिटिव्ह विचारांनी गेली."

"कुठे गेली?" मी विचारलं.

"अं?"

"शुगर. गेली कुठे?"

"शालू," दादा म्हणाला.

माणकोलीच्या पुलावर वारा लागला आणि त्याबरोबर गाडीत एक वास फिरला. उग्र, जरा कापरासारखा, जरा चिखलासारखा. नाकात शिरला की डोळ्यांच्या मागे जाऊन बसणारा. मला पिशवी उघडून बघायची गरज नव्हती. दादालाही नव्हती. संदेशने मोबाइलमध्ये मान घातली.

"कसला वास येतोय हो?" बाबुराव हुंगत म्हणाले. "डासांच्या औषधासारखा?"

"वेखंड," आई म्हणाली.

तीच म्हणाली, सहज, कोणी वेळ विचारल्यावर सांगावी तसं. आणि गाडीतली चार धडधाकट माणसं, त्यांतला एक कंपनीत बॉयलर सांभाळणारा, एक सगळ्या जगाला आपलं रक्त दाखवणारा, एक पत्रकं पाठ म्हणणारी, यांच्यातलं कोणी काही बोललं नाही. दादाने खिडकीची काच आणखी खाली केली. एवढाच त्याचा पुरुषार्थ. वहिनी बाहेर खाडीकडे बघत होती. मला वाटलं, ही बाई आता खाडीसुद्धा सासूला विचारूनच बघत असेल. असं मनात आलं माझ्या. लिहून टाकते.

बेसिनपाशी आईने सगळ्यात जास्त वेळ हात धुतले. बोटांच्या बेचक्यांत, नखांच्या मागे, कोपरापर्यंत. कुरकुर नाही. "पोरीसाठी आहे ना," ती म्हणाली, "मग धुवूया की." तिच्या बोटांना हल्ली कंप आहे. साबणाचा फेस त्या कंपाने हलत होता.

अकराला खोलीत पाच खुर्च्या मांडलेल्या होत्या. मॅडम उठून उभ्या राहिल्या, आई बसेपर्यंत बसल्या नाहीत.

"आजी, त्रास दिला तुम्हाला. दिवसभर संचिताजवळ तुम्हीच असता ना?"

"मीच असते. ही सगळी कामाला. शालू मशीनवर."

"तिला खायला काय काय देता तुम्ही?"

"मॅडम," दादा मधेच म्हणाला, "आई स्वयंपाकघरात जातच नाही आता. वय झालंय."

आईने त्याच्याकडे वळून बघितलं. दुखावली नाही. हा पोरगा असं का बोलतोय, एवढंच कोडं तिच्या चेहऱ्यावर होतं. सकाळी त्याच्या ताटात तिनेच केलेली भाकरी होती.

"एसीची सर्व्हिसिंग राहिलेली, मॅडम," संदेश घाईने म्हणाला. "फिल्टरमध्ये माती असते ना? मी बोललेलो पप्पांना."

मॅडमची नजर माझ्याकडे आली. मला माहीत होतं काय बोलायचं ते. रात्रभर ते जुळवून ठेवलं होतं, अगदी साध्या शब्दांत, आईचा हात हातात घेऊन. तोंड उघडलं आणि त्यातून निघालं, "सोसायटीची पाण्याची टाकी. दिवाळीपासून धुतलेली नाही. तळाला गाळ असतो."

मी हे बोलले. माझ्या कानांनी ऐकलं.

"टाकी," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी लिहून घेतलं. "हे होऊ शकतं. मग आज नमुना मागवते. रिपोर्ट यायला चार-पाच दिवस लागतील. तोपर्यंत तिला उकळलेलं नाही, बाटलीबंद पाणी. नळी आज काढतोच आहोत. टाकी असेल तर घरी जाण्याआधी..."

त्यांचं पेन चालू होतं. चार-पाच दिवस. आमच्या एका गाळाच्या थापेवर एक शिकलेली बाई चार-पाच दिवस खर्च करणार होती. दादाने सुटकेचा श्वास सोडला तो मला ऐकू आला. मीही सोडला असेन.

"टाकीचं जाऊ दे गो बाय," आई म्हणाली. ती मॅडमशी बोलत होती, पण आवाज आळीतल्या लेकुरवाळीशी बोलावं तसा मऊ. "पाण्याचं काय ते होईल. माझं एवढं ऐक. पोरगी तीन दिवस झाले इथे आहे, तिला घुटी नाय मिळालेली. म्हणून ताप उतरत नाय. मला पाच मिनिटं आत सोड. चाटवते आणि येते. हात मी धुतलेत, विचार यांना."

तिने पिशवीतून स्टीलची डबी काढली. झाकण उघडलं. वास खोलीभर झाला.

"काय आहे हे?" मॅडमचं पेन थांबलं.

"देवाचं आहे," दादा म्हणाला. उठून उभाच राहिला. "अंगारा आहे मॅडम, गावच्या देवाचा. आई, ठेव ते. ठेव म्हणतो ना. नुसता कपाळाला लावायचा असतो, पोटात नाही देत."

"अंगारा कुठला रे?" आई म्हणाली. "डोकं फिरलं काय तुझं? घुटी आहे ती. तू पण खाल्लीस, दोन वर्षं."

"मग कपाळाला..." दादा म्हणाला.

संदेश फरशीकडे बघत होता. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होते, सुईत दोरा ओवायच्या आधी गुंडाळतो तसं. आई डबी पुढे धरून बसली होती. ती वाट बघत होती, कोणीतरी तिला आत न्यावं म्हणून.

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. वहिनी उठली होती. ती आईसमोर गेली, गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही हातांनी ती डबी आईच्या हातातून काढून घेतली. ओढली नाही. बाळाच्या मुठीतून बांगडी सोडवतात तशी सोडवली. झाकण लावून तिने डबी मॅडमच्या टेबलावर ठेवली.

"तिसाव्या दिवसापासून देताहेत, मॅडम," ती म्हणाली. "रोज. ओलं वेखंड, नदीवरचं. पहिला ताप येईपर्यंत, आणि परत घरी आल्यावर नऊ दिवस. टाकी धुतलेली आहे. एप्रिलमध्ये. मीच पावतीवर सही केली."

मॅडमनी कागदावरच्या 'टाकी'वर काट मारली.

"रचना?" आई म्हणाली. "काय झालं गो? तू कशाला रडतेस?"

वहिनी रडत नव्हती. आवाज जरा बसलेला होता एवढंच, वापरात नसलेल्या नळासारखा. तिने आईचे दोन्ही हात धरले, तो कंप थांबेल एवढे घट्ट.

"आई, संचूचा ताप तुमच्या घुटीनं आलाय. आधीचाही तिच्यानंच. या सगळ्यांना माहीत होतं, आणि मलाही."